सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वतयारीचे एक वर्ष

शिक्षणाच्या प्रश्नावर आपल्या समाजात जेव्हा जेव्हा विचारविनिमय होतो, तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलाने किंवा मुलीने ‘एक वर्ष फुकट घालवले’ ही ती तक्रार होय. कुणी नापास झाला तर वर्ष फुकट, कुणी शाखा बदलली तर वर्ष फुकट, आणि पदवीच्या आधी एखादे तयारीचे वर्ष घ्यावे लागले तरीही वर्ष फुकटच! पहिल्या दोन प्रकारांबद्दल वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र थोडा इतिहास सांगणे आवश्यक वाटते. कारण त्या एका वर्षाच्या भीतीने अनेक होतकरू मुले-मुली आपल्या आवडीच्या विषयाकडे पाठ फिरवतात.

हा इतिहास सांगण्यासाठी सार्वजनिक आरोग्य हा विषय मुद्दाम निवडला आहे. इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांत आज या विषयाची तीन वर्षांची पदवी आहे, आणि तिच्याआधी ‘फाउंडेशन इयर’ म्हणजे पायाभूत वर्ष जोडलेला चार वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. ज्यांनी शाळेत शास्त्र विषय घेतले नव्हते, ज्यांचे गुण थोडक्यात कमी पडले, ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले, अशांसाठी हे वर्ष असते. ते उत्तीर्ण झाले की विद्यार्थी त्याच विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षात जातो. असा दरवाजा उघडा ठेवणे योग्य की अयोग्य? या विषयाचा जन्म कसा झाला ते पाहिले म्हणजे उत्तर आपोआप मिळते.

वकील, परिचारिका आणि मजुरांची मुले

सार्वजनिक आरोग्य म्हणजे एकेका रोग्यावर उपचार करणे नव्हे. गावात रोग येऊच नये, आला तर पसरू नये आणि लोकांचे आयुष्य वाढावे यासाठी समाजाने संघटितपणे केलेला प्रयत्न म्हणजे सार्वजनिक आरोग्य. पाणी, गटारे, घरे, अन्न, लसीकरण, बाळंतपण, कारखान्यातील धूळ हे सगळे त्यात येते. साहजिकच या शास्त्राचा पाया एकट्या डॉक्टरांनी घातलेला नाही.

इंग्लंडमध्ये १८४२ साली मजूर वर्गाच्या आरोग्यस्थितीवर एक प्रसिद्ध अहवाल निघाला. तो लिहिणारे एडविन चॅडविक हे शिक्षणाने वकील होते. मरण पावलेल्या माणसांचे सरासरी वय त्यांनी वर्गवार मांडले. लिव्हरपूल शहरात वरच्या वर्गातील लोकांचे हे सरासरी वय ३५ वर्षे, व्यापाऱ्यांचे २२ आणि मजुरांचे अवघे १५ वर्षे निघाले. लहान मुलांचे मृत्यू अतोनात असल्यामुळे हे आकडे इतके खाली आले होते. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे. मँचेस्टरसारख्या दाट औद्योगिक शहरातील वरच्या वर्गाचे हे वय ३८ होते, आणि रटलंड या खेडवळ परगण्यातील मजुराचेही ३८ च होते. म्हणजे शहरातील श्रीमंताला त्याच्या पैशाने जे आयुष्य मिळत नव्हते ते खेड्यातील गरिबाला मोकळ्या जागेने मिळत होते. आयुष्य केवळ औषधावर नव्हे तर राहणीवर आणि वस्तीवर अवलंबून असते, हे या आकड्यांनी उघडे केले. १८४८ चा पहिला सार्वजनिक आरोग्य कायदा या खटपटीतूनच झाला.

आकड्यांचे हे शास्त्र पुढे नेणारे विल्यम फार हे एका गरीब मजुराचे पुत्र. त्यांच्या गावातील एका सधन गृहस्थाने त्यांना शिकवले आणि मृत्युपत्रात त्यांच्यासाठी रक्कमही ठेवली. त्या आधारावर ते पॅरिसला जाऊन शिकले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना तेवढा होता. असे असता इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत सुमारे चाळीस वर्षे काम करून त्यांनी मृत्यूच्या कारणांची वर्गवारी बसवली. आज जगभर ज्या पद्धतीने मृत्यूची कारणे नोंदली जातात तिची मुळे तेथे आहेत.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ येऊन सहाशेहून अधिक माणसे दगावली. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातून रोग पसरतो असे जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, स्नो हेही मजुराचेच पुत्र होते आणि वयाच्या चौदाव्या वर्षी एका वैद्याकडे उमेदवारीला लागले होते. दुसरी, साथीचे मूळ ज्या तान्ह्या मुलाच्या आजारात होते त्याचा छडा हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण पाद्र्याने लावला. तो त्या गल्लीतील प्रत्येक घर ओळखत होता, म्हणूनच त्याला ते जमले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तर सर्वश्रुत आहे. त्या परिचारिका होत्या हे लोकांच्या लक्षात राहते. त्या उत्तम संख्याशास्त्रज्ञ होत्या हे विसरले जाते. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने १८५८ साली त्यांना सभासद करून घेतले, आणि त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ साली निघाला. त्यात दर हजार सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू होतात असे दिसून आले. हे मृत्यू लढाईतील नव्हेत. घाणेरडे पाणी, गर्दीच्या बराकी आणि गटारांचा अभाव यांमुळे होणारे होते. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. परंतु छावण्या-छावण्यांतून प्रश्नपत्रिका भरून मागवून त्यांनी हे निष्कर्ष काढले.

उत्साहाला तयारीची जोड

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग शिक्षणाची गरजच काय? मनात कळकळ असली म्हणजे झाले. तसे मात्र नाही. इतिहासाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे.

चॅडविक यांची कळकळ खरी होती, पण रोग दुर्गंधीतून होतो या समजुतीवर त्यांचा ठाम विश्वास होता. त्या समजुतीपायी लंडनच्या घराघरांतील मैला गटारांवाटे थेम्स नदीत सोडण्याचा सपाटा लावण्यात आला. आणि त्याच नदीचे पाणी लाखो लोक पीत होते! १८४८-४९ च्या पटकीच्या साथीला या कारभाराने हातभारच लावला. विल्यम फार यांनाही स्नो यांचे म्हणणे प्रथम पटले नव्हते. १८६६ च्या साथीतील आकडे हाती आल्यावर त्यांनी आपले मत बदलले. तात्पर्य, लोकांमध्ये मिसळणारा माणूस हवा हे जितके खरे, तितकेच त्याला शरीरशास्त्र, जंतुशास्त्र आणि गणित यांची पक्की बैठक हवी हेही खरे.

ही बैठक देण्यासाठी परीक्षा सुरू झाल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७१ साली या विषयाची पदविका सुरू केली, १८७५ साली केंब्रिजने परीक्षा ठेवली. १८८८ च्या कायद्याने इंग्लंडमधील मोठ्या वस्तीच्या भागात आरोग्याधिकारी होण्यास अशी पदविका आवश्यक ठरवली. अडाणी किंवा वशिल्याच्या माणसांच्या हाती शहराचे आरोग्य जाऊ नये, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की ही पदविका डॉक्टरांपुरतीच राहिली. स्वच्छता निरीक्षक आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्य-सेविका या खालच्या पायरीवर थांबल्या. मँचेस्टर आणि सॅल्फर्डमध्ये १८६० च्या दशकापासून स्त्रियांच्या संस्थेने कामगार वर्गातील बायकांना या कामाला लावले होते. प्रत्यक्ष वस्ती जाणणाऱ्या या बायकांना वरच्या शिक्षणाकडे नेणारा जिना मात्र बांधला गेला नाही.

मुंबईचा प्लेग आणि डॉक्टर नसलेला संशोधक

याच काळातील एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथीने शहर हादरले, माणसे गाव सोडून पळू लागली. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. हाफकिन हे ओडेसा येथे शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत काम करून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

लस तयार होणे हे अर्धेच काम होते. लोकांनी ती टोचून घेणे हे उरलेले अर्धे. अफवांना ऊत आला होता. तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे असलेले तिसरे आगाखान, सर सुलतान महंमद शाह, यांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. त्यांचे पाहून खोजा जमातीतील हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेतील विज्ञान आणि मोहल्ल्यातील विश्वास या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच काम झाले. सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी आजही पहिल्या दिवसापासून हेच शिकतो.

हाफकिन यांच्या वाट्याला पुढे अन्यायही आला. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि सारा ठपका त्यांच्यावर आला. नामांकित शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

दरवाजा पुन्हा उघडू लागला

विसाव्या शतकात अमेरिकेत या प्रश्नाचा नव्याने विचार झाला. १९१३ साली हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रसंस्था यांनी मिळून आरोग्याधिकाऱ्यांची शाळा काढली आणि तीत डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश दिला. त्या परंपरेतील विन्स्लो हे जंतुशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. त्यांनी १९१५ मध्ये येल विद्यापीठात हा विभाग उभारला आणि सार्वजनिक आरोग्याची जी व्याख्या १९२० साली केली तीच थोड्याफार फरकाने आजही शिकवली जाते. १९१६ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. त्याच प्रतिष्ठानच्या मदतीने लंडनच्या विद्यालयाची केपेल स्ट्रीटवरील इमारत १९२९ मध्ये उभी राहिली आणि १९३२ साली कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्था निघाली. हिंदुस्थानातील सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाचे हे पहिले मोठे केंद्र.

इंग्लंडमध्ये वरच्या जागा त्यानंतरही दीर्घकाळ डॉक्टरांकडेच राहिल्या. शतकाच्या अखेरीस मत बदलू लागले. संख्याशास्त्र, समाजशास्त्र, पोषण, पर्यावरण, अर्थशास्त्र यांतून आलेली माणसेही तज्ज्ञ म्हणून काम करीत होती, पण त्यांना मान्यता नव्हती. २००३ साली त्यांच्यासाठी तज्ज्ञांची नोंदवही सुरू झाली आणि डॉक्टर नसलेल्यालाही ठरावीक पात्रता सिद्ध करून या क्षेत्रातील तज्ज्ञ म्हणून नाव नोंदवता येऊ लागले. चॅडविक आणि नाइटिंगेल यांनी उभारलेल्या घरात त्यांच्या वारसांना प्रवेश मिळण्यास दीडशे वर्षे लागली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पायाभूत वर्ष कोठून आले?

आता त्या एका वर्षाकडे वळू. त्याचा इतिहास एका कुंभारकामाच्या मुलुखातून सुरू होतो.

इंग्लंडच्या उत्तर स्टॅफर्डशायरमध्ये चिनी मातीची भांडी बनवणारी गावे आहेत. तेथील कामगारांच्या फुप्फुसांत बारीक धूळ साचून त्यांना दमा लागे. भांड्यांना झिलई देणाऱ्यांना शिशाची विषबाधा होई. स्टोक येथील डॉ. आर्लिज यांनी धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर १८९२ साली मोठा ग्रंथ लिहिला तो याच अनुभवावर. अशा या मुलुखात जानेवारी १९०८ मध्ये लाँगटन गावी आर. एच. टॉनी यांनी कामगारांसाठी अभ्यासवर्ग सुरू केला. दिवसभर काम करून आलेले कुंभार आणि खाणकामगार तेथे अर्थशास्त्र व इतिहास शिकू लागले. आपल्या भागात स्वतःचे विद्यापीठ हवे ही मागणी या वर्गांतून वाढत गेली.

ती मागणी १९४९ साली पूर्ण झाली. उत्तर स्टॅफर्डशायरचे विद्यापीठ महाविद्यालय स्थापन झाले. तेच पुढे १९६२ मध्ये कील विद्यापीठ झाले. पहिले प्राचार्य ए. डी. लिंडसे यांचा हिंदुस्थानाशीही संबंध आला होता. ख्रिस्ती महाविद्यालयांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते १९३०-३१ मध्ये येथे आले होते. १९५० च्या ऑक्टोबरात सुमारे दीडशे विद्यार्थ्यांनिशी कीलचे वर्ग सुरू झाले तेव्हा लिंडसे यांनी एक नवी पद्धत घातली. पदवी तीन वर्षांची न ठेवता चार वर्षांची केली आणि पहिले वर्ष सर्वांसाठी समान ठेवले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला त्या वर्षी शास्त्र ऐकावे लागे, शास्त्राच्या विद्यार्थ्याला इतिहास आणि समाजकारण. यालाच फाउंडेशन इयर म्हणू लागले.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की मुळात हे वर्ष कच्च्या विद्यार्थ्यांसाठी नव्हतेच. ते सर्वांसाठी होते. शाळेत फार लवकर एका शाखेत कोंडल्या गेलेल्या बुद्धीला मोकळी हवा मिळावी हा त्याचा उद्देश होता. १९७० च्या दशकात कीलनेही तीन वर्षांचा मार्ग खुला केला आणि पुढे मूळ पद्धत मागे पडली. परंतु कल्पना टिकली.

त्या कल्पनेला नवा अर्थ १९७८ साली मिळाला. अनुभव आहे पण प्रमाणपत्र नाही, अशा प्रौढांना उच्च शिक्षणाकडे नेणारे खास वर्ग काढावेत असे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण खात्याने सात स्थानिक प्राधिकरणांना कळवले. वांशिक अल्पसंख्य समाजातील लोकांचा त्यात विशेष विचार होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांतील कितीतरी स्त्री-पुरुष या ‘ॲक्सेस’ वर्गांतून परिचारिका, शिक्षक आणि समाजसेवक झाले. १९८७ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने या वाटेला विद्यापीठप्रवेशाचा एक रीतसर मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९२ नंतर तंत्रनिकेतनांची विद्यापीठे झाली आणि पदवीलाच जोडलेले पायाभूत वर्ष अधिकाधिक ठिकाणी दिसू लागले. केंब्रिजने २०२२ मध्ये आणि ऑक्सफर्डने २०२३ मध्ये असे वर्ष सुरू केले, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानी येईल.

आपल्याकडेही ही गोष्ट अगदी नवी नाही. जुन्या पिढीतील लोकांना मॅट्रिकनंतरची ‘प्रीव्हियस’ आठवत असेल. नंतरच्या पिढीला ‘इंटर सायन्स’. इंटर पार केल्यावाचून मेडिकलचा दरवाजा उघडत नसे, आणि त्या वर्षांना कोणी फुकट गेलेली वर्षे म्हणत नसे.

त्या वर्षात शिकवतात काय?

सार्वजनिक आरोग्याच्या पदवीआधीच्या वर्षात साधारणपणे चार गोष्टी येतात. पहिली, शरीराची ओळख: पेशी, रक्त, श्वसन, पचन, रोगजंतू आणि रोगप्रतिकार. दुसरी, गणित आणि संख्याशास्त्र. तिसरी, समाजाचा अभ्यास: गरिबी, घर, धंदा, स्त्रियांचे स्थान यांचा आरोग्याशी असणारा संबंध. चौथी, अभ्यासाची रीत: ग्रंथालय कसे वापरावे, दुसऱ्याचे मत स्वतःच्या शब्दांत कसे मांडावे, ते कोणाचे हे कसे नमूद करावे, पुरावा आणि ऐकीव गोष्ट यांत फरक कसा करावा.

यांतील गणिताची भीती विद्यार्थ्यांना फार वाटते. म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. समजा, पन्नास हजार वस्तीच्या एका शहरात तापाने १०० माणसे दगावली आणि दोन हजार वस्तीच्या एका खेड्यात १० दगावली. वर्तमानपत्रात मथळा शहराचा येईल. परंतु दर हजारी हिशेब केला तर शहरात २ आणि खेड्यात ५ मृत्यू पडतात. म्हणजे संकट खेड्यात अधिक आहे आणि पथक आधी तेथे गेले पाहिजे. आता समजा, त्या खेड्यात म्हाताऱ्या माणसांचीच वस्ती अधिक आहे, तरुण कामाला बाहेरगावी गेले आहेत. मग नुसता दर पाहून चालणार नाही, वयवार तुलना करावी लागेल. या गणिताला त्रैराशिकापलीकडे फारसे काही लागत नाही. विचाराची शिस्त मात्र लागते. ती शिस्त कला शाखेतून आलेली मुलगी एका वर्षात आत्मसात करू शकते.

आक्षेप आणि सावधगिरी

या वर्षावर आक्षेप नाहीत असे नाही. इंग्लंडमध्ये सरकारने नेमलेल्या ऑगर समितीने २०१९ साली म्हटले की हेच काम ॲक्सेस वर्ग कमी खर्चात करतात, तेव्हा विद्यापीठांच्या पायाभूत वर्षाला सरकारी पैसा देऊ नये. सरकारने वर्ष बंद केले नाही, पण वर्गात बसून शिकवता येणाऱ्या विषयांच्या पायाभूत वर्षाची फी २०२५-२६ पासून स्थानिक विद्यार्थ्यांसाठी कमाल ५,७६० पौंड ठरवली. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादा नाही, हे आपल्याकडील पालकांनी नीट लक्षात ठेवावे.

आणखी काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेला माणूस डॉक्टर होत नाही. त्याला औषध लिहून देता येत नाही. आपल्या देशातील आरोग्याधिकाऱ्यांच्या कित्येक जागांना वैद्यकीय पदवी लागते. तेव्हा परत येऊन कोणते काम करायचे आहे, त्याला कोणती पात्रता मागितली जाते, हे प्रवेशाआधी पाहावे. पायाभूत वर्ष उत्तीर्ण झाल्यावर पदवीचा प्रवेश निश्चित आहे की नाही, किती गुण लागतात, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे; दलालाच्या तोंडी आश्वासनावर घर गहाण टाकू नये. ज्याला बारावीच्या गुणांवर थेट पदवीला प्रवेश मिळतो त्याने हे वर्ष घेण्याचे कारण नाही. आणि ज्याला पदवी येथेच घेऊन पुढे या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, त्याच्यासाठी भारतातही आता मार्ग आहेत. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने १९९७ मध्येच असा अभ्यासक्रम सुरू केला.

महाराष्ट्राने दिलेली साक्ष

तयारी दिली तर माणूस कोठवर जाऊ शकतो याची साक्ष पाहण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी तालुका, डॉक्टर मिळणे कठीण. त्यांनी खेड्यातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांतील कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्यांना थोडे थोडे, नेमाने आणि धीराने शिकवण्यात आले. आणि त्या बाळंतपण, अतिसार, कुपोषण यांची जबाबदारी घेऊ लागल्या.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही १९८४ साली जॉन्स हॉपकिन्सचीच पदवी घेतली आणि ते गडचिरोलीत परतले. तेथील ३९ गावांत त्यांनी थोडी शाळा शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डॉक्टर नसलेल्या, परंतु नीट तयार केलेल्या हातांनी ती बालके वाचवली.

आपले कर्तव्य

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. सार्वजनिक आरोग्य हे शास्त्र वस्तीतून जन्माला आले. गल्लीतील नळाला पाणी किती वेळ येते, कोणत्या चाळीत क्षयाचे रोगी अधिक आहेत, आपली आई दवाखान्यात जायला का कचरते, यंत्रमागाच्या खोलीत दिवसभर बसणाऱ्याला खोकला का सुटत नाही, हे ज्याला घरातूनच माहीत आहे त्याच्यापाशी या शास्त्राचे अर्धे भांडवल आहे. उरलेले अर्धे भांडवल म्हणजे जीवशास्त्र, गणित आणि शिस्तबद्ध लेखन. ते शाळेत मिळाले नसेल तर एका वर्षात मिळवता येते. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. कारण पडद्याआडच्या घरात शिरून आयाबायांशी मोकळेपणाने बोलणे जे तिला जमेल ते परक्या अधिकाऱ्याला जमणार नाही.

पालकांना विनंती अशी की मुलाच्या आयुष्यातील एक वर्ष मोजताना पुढील चाळीस वर्षेही मोजावीत. आणि शिक्षणसंस्थांना, त्यात आपली संस्थाही आली, एक सूचना कराविशी वाटते. असे पूर्वतयारीचे वर्ग परदेशातच असावेत असा काही नियम नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून दहावी-बारावीनंतरच्या सुटीत किंवा संध्याकाळी, उर्दू-मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी इंग्रजी, प्राथमिक जीवशास्त्र आणि आकडेमोड यांचे वर्ग चालवता येतील. जागा आहे, निवृत्त शिक्षक आहेत, शिकू इच्छिणारी मुले तर आहेतच. लाँगटनच्या कुंभारांचा वर्गही एवढ्याच सामग्रीवर उभा राहिला होता, आणि एकेचाळीस वर्षांनी त्या मुलुखाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.